वॉलेटमध्ये कॉइन नसतातच: क्रिप्टो चालतं कसं आणि सांभाळायचं कसं

क्रिप्टो घेतलेल्या कुणालाही "तुझे कॉइन आहेत कुठे?" असं विचारून पाहा. तो खिशातून फोन काढतो, ॲप उघडतो आणि आकडा दाखवतो. पण तो आकडा फोनमध्ये नसतो. फोन विहिरीत पडला तरी त्याला धक्का लागत नाही, आणि फोन ठणठणीत असूनही तो एका रात्रीत शून्यावर येऊ शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे उमगलं की सांभाळण्याचं निम्मं काम झालं. म्हणून आधी यंत्र समजून घेऊ आणि मग कागद-पेन हातात घेऊ. कुठलं कॉइन घ्यावं, भाव चढेल की पडेल, हे इथे मिळणार नाही. ते सांगणाऱ्यांची कुठेच वाण नाही.

एकच वही, हजारो प्रती

डिजिटल गोष्टीची नक्कल फुकट होते. फोटो मी तुम्हाला पाठवला तरी माझ्याकडे राहतोच. पैशाच्या बाबतीत हे चालणार नाही. एकच रक्कम दोघांना पाठवता आली तर ती रक्कम कसली? आधी यावरचा उपाय एकच होता: मध्ये एक संस्था, तिची एक वही, आणि ती म्हणेल ते खरं.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध इंटरनेटवर आला. हे नाव खरं की टोपण, त्यामागे एक माणूस की अनेक, हे आजही उघड झालेलं नाही. निबंधातली कल्पना अशी, की वही एकाकडे ठेवण्याऐवजी तिची प्रत ज्याला हवी त्याच्याकडे असू द्यावी, आणि पुढचं पान कुणी जोडायचं याचा नियम गणितावर सोडावा. ३ जानेवारी २००९ रोजी या वहीचं पहिलं पान, म्हणजे बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला.

एक व्यवहार जवळून पाहू. तुम्ही मला ०.०१ बिटकॉइन पाठवता. तुमचं वॉलेट, म्हणजे फोनमधलं ते ॲप, एक छोटा मजकूर तयार करतं: अमुक जुन्या नोंदीतून आलेली रक्कम, त्यातली इतकी या पत्त्यावर, उरलेली परत पाठवणाऱ्याकडे. त्यावर ते तुमच्या खाजगी चावीने, म्हणजे एका गुप्त आकड्याने, सही करतं आणि मजकूर नेटवर्कवर सोडून देतं. जगभरचे संगणक, ज्यांना नोड म्हणतात, मुख्यतः दोन गोष्टी तपासतात: सही जुळते का, आणि ही रक्कम आधीच कुठे खर्च झालेली नाही ना. तपासणीत पास झालेले व्यवहार रांगेत थांबतात.

या रांगेतले व्यवहार उचलून मायनर त्यांचा ब्लॉक बांधतात. ब्लॉकमधला सगळा मजकूर एका गणिती चक्कीतून दळला की ठरावीक लांबीचा एक आकडा बाहेर पडतो, त्याला हॅश म्हणतात. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पार वेगळा येतो, आणि हॅशवरून मजकूर ओळखता येत नाही. मायनरला असा हॅश शोधायचा असतो, जो ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान असेल. त्यासाठी युक्ती चालत नाही. ब्लॉकमधला एक आकडा बदलत प्रचंड वेगाने प्रयत्न करत राहायचं, एवढंच. सरासरी दहा मिनिटांत कुणाला तरी तो सापडतो. जास्त यंत्रं कामाला लागली आणि ब्लॉक लवकर सापडू लागले, तर दर २,०१६ ब्लॉकनंतर कोडं आपोआप अवघड होतं.

प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश असतो, म्हणून ही साखळी. जुन्या पानावर खाडाखोड करायची तर त्यापुढची सगळी पानं पुन्हा दळावी लागतील, तीही बाकीचं जग पुढे धावत असताना. मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक वर बसेपर्यंत थांबायची पद्धत याचमुळे पडली. झालेला व्यवहार उलटवायला कुठे अर्ज करता येत नाही, तेही याचमुळे.

ब्लॉक सापडवणाऱ्याला नवे बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला दर ब्लॉकला ५० मिळत. दर २,१०,००० ब्लॉकनंतर हा आकडा निम्मा होतो आणि एप्रिल २०२४ पासून तो ३.१२५ आहे. एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात, त्यातल्या एका भागाला सातोशी म्हणतात. म्हणजे 'अख्खं घ्यायला पैसे नाहीत' ही सबब लागू नाही.

सगळी कॉइन याच पद्धतीने चालत नाहीत. २०१५ मध्ये सुरू झालेलं इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंग सोडून दुसऱ्या रीतीवर गेलं. तिथे ब्लॉक जोडणारे आपलं इथर, म्हणजे इथेरियमचं कॉइन, तारण ठेवतात, आणि खोटेपणा केला तर त्यातला वाटा गमावतात. सांभाळणाऱ्याला मात्र या फरकाने काही बदलत नाही.

चावी, पत्ता आणि जुडगा

खाजगी चावी म्हणजे एक आकडा. बस, एक प्रचंड मोठा आकडा, २५६ बिटचा. असे आकडे किती असू शकतात? साधारण १ वर ७७ शून्यं. अंदाजाने कुणाचा तरी आकडा सापडेल ही भीती मनातून काढून टाका. चावीपासून सार्वजनिक चावी निघते आणि तिच्यापासून पत्ता. ही वाट एकेरी आहे, पत्त्यावरून चावीकडे जाता येत नाही. पत्ता कुणालाही बिनधास्त द्यावा. फक्त लक्षात ठेवा, की तो माहीत असलेल्याला त्या पत्त्यावरची रक्कम आणि सगळे जुने व्यवहार दिसतात. क्रिप्टो निनावी असतं हा गैरसमज आहे. वही उघडी आहे, तिच्यात फक्त नावं लिहिलेली नाहीत.

वॉलेट हा शब्दच फसवा आहे. ते पाकीट नव्हे, किल्ल्यांचा जुडगा आहे. कॉइन म्हणजे वहीतली नोंद, आणि ती नोंद हलवायला लागणारी सही करतो तो जुडगा. फोन विहिरीत गेला पण चावी दुसरीकडे लिहिलेली असेल, तर नवा फोन घेऊन पुन्हा सही करता येते. फोन खिशात आहे पण चावीची नक्कल दुसऱ्याकडे गेली, तर तो तुमच्याआधी सही करतो. वेल्समधल्या न्यूपोर्टमध्ये २०१३ साली एकाची हार्ड ड्राइव्ह कचऱ्यात गेली. हजारो बिटकॉइनची चावी त्या एकाच ड्राइव्हवर होती. ते बिटकॉइन चोरीला गेले नाहीत. वहीत जिथल्या तिथे आहेत, सही करणारं कुणी नाही.

जुडगा कुणाच्या कमरेला?

एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ॲप किंवा साइटवर, कॉइन घेतले की चाव्या एक्स्चेंजकडे राहतात. तुमच्याकडे असतो पासवर्ड आणि पडद्यावरचा आकडा. तो आकडा म्हणजे 'आम्ही इतके देणं लागतो' अशी त्यांची कबुली. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोतलं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज कोसळलं, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं. त्यातले दोनेक लाख नंतर सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स दिवाळखोरीत गेलं. दोन्ही ठिकाणी लोकांच्या पडद्यावर आकडे शेवटपर्यंत व्यवस्थित दिसत होते.

यावर जाणकारांचा ठरलेला मंत्र असतो: चावी तुमची नाही तर कॉइनही तुमचे नाहीत. मला तो अर्धाच पटतो. पासवर्ड दर महिन्याला विसरणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी सगळं स्वतःकडे घेतलं, तर एक्स्चेंज बुडण्याआधी तो स्वतःच स्वतःला बुडवील. म्हणून क्रम असा ठेवा: थोडी रक्कम एक्स्चेंजवर, त्याच वेळी स्वतःच्या वॉलेटचा सराव, आणि हात बसला की मोठा हिस्सा स्वतःकडे.

पायरी १: एक्स्चेंजचं खातं कडेकोट करा

पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला हवा आणि तो पासवर्ड मॅनेजरने तयार केलेला बरा. पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी एसएमएसवर ठेवू नका. तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर चढवून घेणारे भामटे नेमका तोच एसएमएस मिळवतात. पडताळणीचा कोड फोनवरच तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप घ्या आणि त्याचे बॅकअप कोड कागदावर उतरवा. पैसे बाहेर पाठवण्यासाठी ठरावीक पत्त्यांची यादी करायची सोय असेल तर ती सुरू करा. यादीत नवा पत्ता घातल्यावर सहसा काही काळ थांबावं लागतं. चोर आत शिरलाच तर तेवढा वेळ तुमच्या हाती असतो. आणि या सगळ्याचं मूळ असलेल्या ईमेलवरही हेच कुलूप घाला. ईमेल गेला की 'पासवर्ड विसरलात?' हे बटण चोराच्या कामी येतं.

पायरी २: स्वतःचं वॉलेट घ्या

इंटरनेटला जोडलेल्या फोन-संगणकावरचं वॉलेट म्हणजे हॉट वॉलेट. रोजच्या चिल्लरीसाठी ते ठीक. चावी इंटरनेटपासून दूर ठेवणारं ते कोल्ड वॉलेट. त्यातलं सर्वांत सोयीचं रूप म्हणजे हार्डवेअर वॉलेट: पेन ड्राइव्हएवढं उपकरण, ज्यात चावी तयार होते आणि सहीसुद्धा आतच होते. संगणकाला फक्त सही केलेला मजकूर मिळतो, चावी कधीच नाही. म्हणजे संगणकात व्हायरस असला तरी चावी त्याच्या हाती लागत नाही.

सरावासाठी आधी मोबाइल वॉलेट पुरे. ते डाउनलोड करताना सर्च इंजिनवर सगळ्यात वर आलेली लिंक दाबू नका, ती जाहिरात असू शकते आणि जाहिरातीमागे हुबेहूब नकली ॲप. वॉलेट बनवणाऱ्यांच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथून पुढे जा. हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्याकडून थेट घ्या. सेकंडहँड कधीही नको. खोक्यात आधीच छापलेले शब्द निघाले आणि 'हेच वापरा' अशी चिठ्ठी असली, तर ते उपकरण सापळा आहे. शब्द तुमच्या डोळ्यांदेखत उपकरणाच्या पडद्यावरच उमटायला हवेत.

पायरी ३: बारा शब्द

नवं वॉलेट उघडलं की ते बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. याला सीड फ्रेज म्हणतात. शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि त्या यादीत कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात. या बारा शब्दांतूनच वॉलेटमधल्या सगळ्या चाव्या निघतात. शब्द म्हणजेच वॉलेट, ॲप हे फक्त वरचं टरफल.

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून एकट्याने, दार लावून बसा. शब्द कागदावर हाताने लिहा, पाण्याने न पसरणाऱ्या शाईने, प्रत्येकाला क्रमांक देऊन. क्रमही चावीचाच भाग आहे. स्क्रीनशॉट नको, फोटो नको, ईमेलचा ड्राफ्ट नको, स्वतःलाच पाठवलेला मेसेज तर नकोच. फोनमधले फोटो तुमच्या नकळत क्लाउडवर चढतात, आणि फोटोंमधून शब्द वाचून घेणारं सॉफ्टवेअर चोरांकडेही असतं.

इंग्रजी सुटी अक्षरं काढा, एकमेकांना जोडून नको. हे मी का सांगतोय? माझ्या पहिल्या कागदावर सातवा शब्द 'वर्ल्ड' होता. घाईत लिहिताना त्यातला एल आर आणि डीच्या मध्ये कुठेतरी बुडाला आणि वाचताना तो सरळ 'वर्ड' झाला. गंमत अशी, की 'वर्ड'ही यादीत आहे, 'वर्क'ही आहे आणि 'वरी'सुद्धा. शेवटच्या शब्दात थोडी पडताळणी दडलेली असते, तिने माझी चूक पकडली. पण बारा शब्दांच्या वॉलेटमध्ये सुमारे सोळात एक चूक त्या पडताळणीतून सुटून जाते. मग ॲप कुरकुर न करता दुसरंच, रिकामं वॉलेट उघडून देतं आणि माणूस समजतो, की चोरी झाली.

दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. एकाच कपाटाचे दोन कप्पे म्हणजे दोन जागा नव्हेत, आग लागली की दोन्ही जातात. रक्कम वाढली की शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्यावेत. सहा शब्द इथे, सहा तिथे अशी शक्कल अनेकांना सुचते. ती सोडा. दोन्हींपैकी कुठलाही एक कागद हरवला की सगळंच हरवतं, म्हणजे धोका निम्मा होण्याऐवजी दुप्पट. स्वतःचा 'पंचविसावा शब्द' जोडायची सोयही अनेक वॉलेटांत असते. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका. तो विसरला तर बाकीचे चोवीस शब्द असूनही त्या वॉलेटपर्यंत पोचता येत नाही.

पायरी ४: मुद्दाम पुसा आणि पुन्हा उभं करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सबंध लेखात हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. वॉलेटचा पत्ता टिपून घ्या. मग पैसे टाकण्याआधी, वॉलेट रिकामं असतानाच, ॲप काढून टाका. पुन्हा डाउनलोड करा, 'नवं वॉलेट' न निवडता 'जुनं परत आणा' निवडा आणि शब्द फक्त कागदावरून वाचून भरा. तोच पत्ता परत दिसला तर कागद बरोबर. नाही दिसला तर चूक फुकटात सापडली. हार्डवेअर वॉलेटवरही हेच करा, पण शब्द उपकरणावरच भरा. संगणकाच्या कीबोर्डवर ते कधीही टाइप करू नका.

पायरी ५: आधी चिमूटभर पाठवा

एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटकडे पहिली रक्कम पाठवताना तीन गोष्टींवर लोक ठेचकाळतात.

पहिली, पत्ता. तो कॉपीच करा. एखादं अक्षर चुकलं तर बिटकॉइनचं वॉलेट सहसा पत्ता नाकारतं. खरा धोका आहे अख्खा पत्ताच बदलण्याचा. काही व्हायरस कॉपी केलेला पत्ता पेस्ट होताना गुपचूप बदलतात. दुसरी लबाडी त्याहून बेरकी: तुमच्या पत्त्यासारखीच पहिली-शेवटची चार-पाच अक्षरं असलेला पत्ता बनवून चोर त्यावरून तुम्हाला क्षुल्लक रक्कम पाठवतो, म्हणजे तो तुमच्या जुन्या व्यवहारांत दिसायला लागतो. पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून पत्ता उचलता आणि पैसे त्याच्याकडे जातात. म्हणून इतिहासातून पत्ता उचलू नका, आणि तपासताना मधली अक्षरंही वाचा.

दुसरी, नेटवर्क. एकच कॉइन अनेक नेटवर्कवर, म्हणजे वेगवेगळ्या वह्यांवर, असू शकतं. यूएसडीटी हे डॉलरशी भाव बांधलेलं कॉइन इथेरियमवरही आहे आणि ट्रॉनवरही. पाठवणारा आणि घेणारा दोघांचं नेटवर्क एकच हवं. स्वस्त फी पाहून कुठलंही निवडलं आणि समोरच्या एक्स्चेंजला ते चालत नसेल, तर पैसे अडकतात.

तिसरी, फी. ती नेटवर्कच्या मूळ कॉइनमध्येच द्यावी लागते. वॉलेटमध्ये भरपूर यूएसडीटी आहे पण इथर अजिबात नाही, तर इथेरियमवरून ते बाहेर काढता येत नाही. त्यासाठी थोडं इथर बाजूला ठेवा. बिटकॉइनची फी रकमेवर नसते, व्यवहाराचा मजकूर किती लांब आणि रांग किती मोठी यावर असते. घाई नसेल तर गर्दी ओसरेपर्यंत थांबा.

चिमूटभर रक्कम पोचली की तीच परत एक्स्चेंजकडे पाठवून पाहा. जाता आणि येता, दोन्ही वाटा चालून बघितल्या की मगच उरलेली रक्कम हलवा.

पायरी ६: सही करण्याआधी वाचा

वॉलेट वेगवेगळ्या साइटना जोडता येतं, आणि साइट सही मागतात. काही सह्या 'इतके पाठव' अशा असतात, काही 'माझ्या वतीने हे टोकन (यूएसडीटीसारखं कॉइन) हवं तेव्हा उचलायची मुभा' अशा. दुसरी सही कोऱ्या चेकसारखी. दिलेल्या परवानग्या वॉलेटमधून किंवा ब्लॉक एक्सप्लोररवरून, म्हणजे वही वाचून दाखवणाऱ्या साइटवरून, अधूनमधून तपासा आणि नको त्या रद्द करा. जमापुंजीचं वॉलेट कुठल्याही साइटला जोडूच नये. त्यासाठी वेगळं, थोड्या पैशांचं वॉलेट ठेवावं.

सही नीट न वाचता केली की काय होतं याचं मोठं उदाहरण म्हणजे बायबिट. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी या एक्स्चेंजच्या कोल्ड वॉलेटमधून सुमारे दीडशे कोटी डॉलरचं इथर गेलं. एकाहून जास्त जणांची सही लागणारं ते वॉलेट होतं. सही करणाऱ्यांच्या संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही दुसऱ्याच मजकुरावर झाली. म्हणून हार्डवेअर वॉलेटच्या इवल्याशा पडद्यावर जे दिसतं तेच खरं माना. संगणकावर वेगळं दिसत असेल तर सही करू नका.

फसवणुकीचा एकच वास

सोंगं अनेक असतात: वॉलेट कंपनीचा 'सपोर्ट', पडताळणीचा फॉर्म, फुकट टोकन, बुडालेले पैसे परत मिळवून देणारा तज्ज्ञ. शेवटी सगळे एकाच जागी येतात, तुमच्या शब्दांकडे. हे शब्द मागायचं खरं कारण कुणाकडेच नसतं, वॉलेट बनवणाऱ्याकडेही नाही. २०२० मध्ये एका हार्डवेअर वॉलेट कंपनीकडून ग्राहकांच्या घरांचे पत्ते फुटले, आणि पुढे काहींच्या घरी पोस्टाने नवीकोरी दिसणारी नकली उपकरणं आली: 'सुरक्षेसाठी तुमचे शब्द यात भरा.' तुमच्याकडे क्रिप्टो आहे हे चारचौघांत न सांगणं हीदेखील सुरक्षाच.

तुमच्यामागे

चावी फक्त तुमच्या डोक्यात असेल तर ती तुमच्याबरोबरच जाईल. विश्वासातल्या माणसासाठी एक पत्र लिहा: काय आहे, कुठल्या नेटवर्कवर आहे, उपकरण कुठे आहे, शब्दांचा कागद कुणाकडे आणि कुठे आहे, घाईने कुठल्या 'मदतनिसाकडे' जाऊ नये. शब्द मात्र त्या पत्रात नकोत. रक्कम मोठी असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन चाव्यांनी उघडणारं वॉलेट करता येतं: एक चावी तुमच्याकडे, एक घरच्यांकडे, एक तिसऱ्या जागी. त्याची मांडणी थोडी किचकट आहे, तेव्हा तीही आधी रिकाम्या वॉलेटवर करून पाहा. आणि वर्षातून एक दिवस ठरवा: कागद बाहेर काढायचा, अक्षरं फिकी झालीत का पाहायचं आणि पत्रातल्या जागा अजून त्याच आहेत का तपासायचं.